दुर्बिणीतून पिशवी काढली. आता घरी काय?

दुर्बिणीतून गर्भपिशवी काढून बाई घरी येते तेव्हा पोटावर तीन-चार लहान पट्ट्या दिसतात. एक बेंबीपाशी, बाकीच्या खाली दोन्ही बाजूंना. प्रत्येक छेद साधारण अर्धा ते एक सेंटीमीटर. घरच्यांना हायसं वाटतं, आणि घोळ तिथेच सुरू होतो. सासूबाईंचं किंवा मावशीचं पोट उघडून ऑपरेशन झालं होतं, तेव्हा त्या आठ-दहा दिवस दवाखान्यात होत्या आणि नंतर महिना-दीड महिना त्यांना कोणी ओट्यापाशी फिरकू दिलं नव्हतं. ही मात्र दोन दिवसांत आपल्या पायांनी जिना चढून आली. मग चौथ्या दिवशी ‘चहा तेवढा टाक गं’, आठव्या दिवशी कणीक, पंधराव्या दिवशी पाहुणे.

पट्ट्या बघून विश्रांती ठरवता येत नाही. आत काय झालंय ते एकदा कळलं, की पुढच्या बहुतेक सूचना आपोआप पटतात.

गर्भपिशवी दोन्ही बाजूंनी बंधांनी धरलेली असते. पुढे लघवीची पिशवी, मागे आतडं, आणि मूत्रपिंडाकडून येणाऱ्या लघवीच्या नळ्या तिच्या अगदी शेजारून जातात. सर्जन हे बंध एकेक करून सोडवतात, रक्तवाहिन्या उष्णतेने बंद करून कापतात, लघवीची पिशवी खाली सरकवतात आणि योनीमार्गाचं वरचं टोक गोल कापून गर्भपिशवी बहुतेक वेळा योनीमार्गातूनच बाहेर काढतात. मग ते उघडं टोक टाके घालून शिवतात. ही शिवण म्हणजे या ऑपरेशनची खरी जखम. ती कोणाला दिसत नाही, आणि ती पक्की व्हायला सहा ते बारा आठवडे लागतात. पोट उघडून गर्भाशय काढलं तरी आतली शिवण एवढीच असते. दुर्बिणीमुळे वाचतो तो पोटावरचा लांब छेद. ते फार मोठं वाचणं आहे, त्यामुळे वेदना कमी होतात, जंतुसंसर्गाचा धोका कमी होतो, माणूस लवकर हिंडू-फिरू लागतं. पण आतलं काम कमी झालेलं नसतं.

खांदा का दुखतो?

ऑपरेशन पोटाचं आणि दुखतोय उजवा खांदा, हे ऐकून घरातले घाबरतात. कारण साधं आहे. आतलं नीट दिसावं म्हणून पोटात कार्बन डायऑक्साइड भरून ते फुगवलं जातं. शेवटी हा वायू काढून टाकतात, पण थोडा उरतोच आणि उठून बसलं की वर चढून श्वासपटलाखाली जमतो. श्वासपटलाची नस मानेतून निघते आणि खांद्याच्या नसांची मुळंही तिथलीच. त्यामुळे मेंदूला वाटतं की खांदा दुखतोय. हा वायू रक्तात विरघळून श्वासावाटे निघून जातो. दोन-तीन दिवसांत दुखणं ओसरतं, क्वचित थोडं लांबतं. आडवं झालं की बरं वाटतं, खांद्यावर गरम पिशवी ठेवली की बरं वाटतं. पण त्यासोबत छातीवर दाब येत असेल, दम लागत असेल, घाम फुटत असेल, तर तो वायू म्हणून सोडून द्यायचा नाही. सरळ दवाखाना गाठायचा.

‘गॅस झालाय’ म्हणून घरोघरी ओव्याचं पाणी दिलं जातं. खांद्याच्या दुखण्यावर त्याचा उपयोग नाही, कारण तो वायू आतड्यात नसतोच, आतड्याबाहेर पोटाच्या पोकळीत असतो. आतड्यातला गॅस वेगळा. भूल, वेदनाशामक औषधं आणि पडून राहणं यांमुळे आतडी मंदावतात आणि पोट तडतडतं. त्यावर ओवा घेतला तर बिघडत काही नाही, पण खरा इलाज म्हणजे चालणं. पहिल्याच दिवसापासून, घरातल्या घरात, दर दोन-तीन तासांनी पाच मिनिटं.

या चालण्याला दुसरंही कारण आहे. ऑपरेशननंतर पायाच्या शिरांमध्ये रक्ताची गुठळी होण्याचा धोका काही आठवडे वाढलेला असतो. वजन जास्त असेल, आधी कधी गुठळी झाली असेल किंवा ऑपरेशन कॅन्सरसाठी असेल तर आणखी. डॉक्टर काही जणींना पोटावर टोचायची रक्त पातळ करणारी इंजेक्शनं घरीही चालू ठेवायला सांगतात. ती मधेच बंद करू नयेत. पलंगावर पडल्या पडल्या पावलं वर-खाली हलवत राहावीत. पाणी भरपूर प्यावं.

दुखण्याच्या गोळ्यांबद्दल आपल्याकडे एक विचित्र बाणा आहे. ‘मी गोळी घेतलीच नाही’ हे कौतुकाने सांगितलं जातं. पण दुखतंय म्हणून बाई हलत नाही, खोल श्वास घेत नाही, खोकत नाही, आणि त्याचे तोटे गोळीपेक्षा जास्त असतात. पहिले तीन-चार दिवस पॅरासिटामॉल सांगितलेल्या वेळांना, दुखणं वाढायची वाट न बघता घ्यावी. त्यासोबत दिलेली आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकसारखी गोळी जेवणानंतर घ्यावी. मूत्रपिंडाचा त्रास, अल्सर किंवा दमा असेल तर ते डॉक्टरांना आधीच सांगितलेलं हवं. ट्रॅमाडॉलसारख्या जोरदार गोळीने झोप येते, मळमळतं आणि बद्धकोष्ठ होतं, म्हणून ती शक्य तितक्या लवकर थांबवलेली बरी. सर्दीच्या गोळ्यांमध्येही पॅरासिटामॉल असते, तेव्हा दोन्ही एकत्र होत नाहीत ना, ते पाकिटावर वाचावं.

टाके पिकतात म्हणे

भात दिला तर पू होतो. वांगं वातूळ. दही आंबट, त्याने टाके पिकतात. डाळ जड. केळ्याने कफ होतो. या सगळ्याचं पालन केलं तर बाईच्या ताटात उरतं काय? दूध-पोळी आणि सगळ्यांचे सल्ले. जखम पिकते ती जंतूंमुळे, आणि त्यामागे बहुतेक वेळा आटोक्यात नसलेली साखर, अस्वच्छ हात किंवा सतत ओली राहिलेली पट्टी असते. भाताचा, दह्याचा किंवा वांग्याचा त्यात काही संबंध नाही. उलट जखम भरायला प्रथिनं लागतात, आणि शाकाहारी घरात ती येतात कुठून, तर नेमकी याच डाळी, उसळी, दही, ताक, पनीर यांतून. अंडी-मासे खाणारीने तेही खावेत. पहिले दोन दिवस मळमळ असते तेव्हा पेज, मुगाची खिचडी, ताक असं हलकं घ्यावं, ते पचतं म्हणून. पुढे नेहमीचं जेवण.

मधुमेह असलेल्या बाईने साखर रोज तपासावी. आणि ‘अशक्तपणा आलाय’ म्हणून पाठवलेले डिंकाचे लाडू तिच्यासाठी नाहीत, हे पाठवणाऱ्या आत्याला दुसऱ्या कोणीतरी सांगावं.

जेवणापेक्षा मोठा प्रश्न शौचाचा. तीन-चार दिवस पोट साफ होत नाही, मग बाई कुंथते, आणि कुंथण्याचा सगळा दाब नव्या शिवणीवर येतो. म्हणून शौच मऊ ठेवणारं औषध, लॅक्टुलोजचं पातळ औषध किंवा इसबगोल, त्रास व्हायच्या आधीपासून चालू ठेवतात. इसबगोलाबरोबर भरपूर पाणी प्यायलं नाही तर उलटाच परिणाम होतो. कमोड असेल तर पहिले काही आठवडे तोच वापरावा. नसेल तर भारतीय संडासावर बसायला हरकत नाही, पण धरून उठता येईल असं काहीतरी हवं. प्लास्टिकची कमोड-खुर्ची बऱ्याच ठिकाणी भाड्यानेही मिळते.

वजन म्हणजे नेमकं काय?

‘जड उचलू नका’ असं डिस्चार्ज कार्डावर लिहिलेलं असतं. घरात मात्र जड म्हणजे काय यावर वाद होतात. बहुतेक डॉक्टर पहिले सहा आठवडे चार-पाच किलोच्या वर उचलू नका म्हणतात. याबाबत सगळ्यांचं एकमत नाही. खुर्चीतून उठताना किंवा खोकताना पोटात जो दाब येतो तोही कमी नसतो, म्हणून काही सर्जन दोन-तीन आठवड्यांतच मोकळीक देतात. तुमच्या सर्जनने तुमची शिवण पाहिली आहे; त्यांचा आकडा धरा.

पण चार-पाच किलो म्हणजे आपल्या घरात काय, ते बघा. वीस लिटरची भरलेली बादली वीस किलो. पाच लिटरचा भरलेला कुकर पाच किलोच्या पुढे. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो, टाकीचं वजन धरून तो तीस किलोच्या आसपास जातो. दहा किलोची गव्हाची पिशवी, पाण्याची कळशी, दोन वर्षांचं मूल, सगळंच हद्दीबाहेर. लहान मूल असेल तर आईने खाली बसावं आणि मुलाला मांडीवर चढू द्यावं. उचलून घेणं महिना-दीड महिना दुसऱ्या कोणाकडे.

आंघोळीची बादली ही यातली सगळ्यात विसरली जाणारी गोष्ट. आंघोळ एक-दोन दिवसांत करता येते, पट्टी पाणी आत न शिरणारी असेल किंवा डॉक्टरांनी काढायला सांगितली असेल तर छेदांवरून साबणाचं पाणी गेलेलंही चालतं. पण हीटरची गरम बादली उचलून न्हाणीघरात नेणारी तीच असते. ते काम दुसऱ्याने करावं, स्टुलावर बसून आंघोळ करावी आणि नंतर बेंबी स्वच्छ कपड्याने हलकेच कोरडी करावी. बेंबीत ओल राहते आणि तिथलाच टाका चिघळतो. हळद, तेल, राख यातलं काही लावायचं नाही.

जिना चढायला हरकत नाही, सावकाश. पोळ्या लाटणं, भाजी चिरणं बसून दोन आठवड्यांनी जमतं. केर-पोछा, चादरी पिळणं, गादी उचलणं ही कामं सहा आठवड्यांनंतर. पोटाला पट्टा बांधण्याचा आग्रह सिझेरियनवरून आलेला आहे; दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर त्याची गरज सहसा नसते. बांधून बरं वाटत असेल तर सैल बांधावा, बसताना श्वास अडेल इतका आवळू नये. स्कूटर चालवण्याबद्दल नियम एवढाच, की अचानक ब्रेक दाबताना पोट आखडत नाही ना आणि झोप आणणारी गोळी चालू नाही ना. साधारण तीन-चार आठवडे जातात. आपल्या रस्त्यांवरचे खड्डे धरले तर मी चार म्हणेन. गाडी स्टँडवर ओढून लावणं त्याहून पुढे.

आणि थकवा. हा थकवा बाईला स्वतःलाच पटत नाही. सकाळी बरं वाटतं म्हणून ती कपाट आवरायला घेते, दुपारी चारला अंगातलं त्राण जातं, डोळ्यांत पाणी येतं. शरीर आतली जखम भरण्यात गुंतलेलं असतं, भुलीचा आणि मानसिक ताणाचा शीणही असतो, आणि ज्यांचं ऑपरेशन महिनोन् महिने अंगावरून जास्त जातंय म्हणून झालं त्यांचं हिमोग्लोबिन आधीच कमी असतं. लोहाच्या गोळ्या ऑपरेशन झालं म्हणून संपत नाहीत. चार ते सहा आठवडे असा थकवा येणं अगदी नेहमीचं आहे.

ज्यांना हे आठवडे परवडतच नाहीत त्यांचं काय, हा प्रश्न महाराष्ट्रात नुसता कल्पनेतला नाही. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार महिलांच्या गर्भपिशव्या मोठ्या प्रमाणावर काढल्या गेल्याचं समोर आलं आणि राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. खाडा पडला तर पैसे कापले जातात, पाळीच्या त्रासासाठी सुट्टी नाही, म्हणून पिशवीच काढायची. आणि ऑपरेशननंतर विश्रांती घ्यायचीही ऐपत नाही. त्या बाईला ‘सहा आठवडे वजन उचलू नका’ सांगणं म्हणजे कागदावरची सूचना. हे ऑपरेशन खरंच लागणार आहे का, गोळ्या, हार्मोनची तांबी किंवा फक्त गाठ काढून भागेल का, हा प्रश्न टेबलावर जाण्याआधीच विचारायचा असतो.

केव्हा थांबायचं नाही

दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर एक खूण विसरू नये: आजचा दिवस कालच्यापेक्षा बरा हवा. थोडाच, पण बरा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पोटदुखी कमी व्हायच्या ऐवजी वाढू लागली, पोट फुगून कडक झालं, उलट्या सुरू झाल्या, ताप आला, तर ‘गॅस असेल’ म्हणत रात्र काढायची नाही. आतड्याला नकळत झालेली इजा नेमकी अशीच दोन-तीन दिवसांनी डोकं वर काढते. ती क्वचित होते, पण उशीर झाला तर जिवावर बेतते.

लघवीच्या नळीला उष्णतेचा चटका बसला असेल तर ते आठ-पंधरा दिवसांनीही उघड होऊ शकतं. कुशीत दुखतं, ताप येतो, किंवा योनीमार्गातून सतत पाण्यासारखं गळू लागतं. पॅड ओला होतो आणि वास लघवीचा येतो. हे लाजेने लपवण्याचं नाही, आणि ‘नंतर बघू’ म्हणण्याचंही नाही. लघवी अडली, जळजळ वाढली, तरीही फोन करायचा.

अंगावरून थोडं तपकिरी, गुलाबी जाणं दोन-तीन आठवडे, कधी सहा आठवडेही चालतं. टाके विरघळतात तेव्हा धाग्याचा तुकडाही पडतो. पण तासाला एक पॅड भिजेल इतकं लाल जाऊ लागलं किंवा घाण वास यायला लागला, तर लगेच दाखवावं. दुसऱ्या आठवड्याच्या आसपास अचानक रक्तस्राव होण्याचा संभव असतो. बरं वाटतंय म्हणून बाईने नेमकं तेव्हाच काम काढलेलं असतं. पॅडच वापरावे, आत ठेवायचं काहीही नको.

एका पायाची पोटरी सुजली, दुखू लागली, किंवा अचानक धाप लागली, तर रात्र असली तरी निघायचं.

पोटावरच्या छेदांबद्दल आणखी एक गोष्ट सांगायला हवी. कधीकधी तीन-चार आठवड्यांनी, सगळं भरून आल्यावर, छेदाच्या जागी गाठ येते, मग तिथून पाण्यासारखा किंवा पांढरट स्राव येत राहतो आणि नेहमीच्या अँटिबायोटिकने हटत नाही. उपकरणं नीट निर्जंतुक झाली नाहीत की क्षयाच्या जंतूंच्या जातकुळीतले काही जंतू असं करतात आणि भारतात हे पुष्कळ ठिकाणी पाहायला मिळालं आहे. हा नेहमीचा क्षयरोग नव्हे. पण औषधं वेगळी आणि काही महिने घ्यावी लागतात. गल्लीतल्या दवाखान्यातून तिसरा-चौथा कोर्स घेत बसण्यापेक्षा स्रावाची तपासणी करून घ्यावी.

नवरा-बायकोतलं, आणि अंडाशयांचं

शरीरसंबंध सहा ते आठ आठवडे नाहीत; काही डॉक्टर बारा सांगतात. कारण तीच शिवण. दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर ती उसवण्याचं प्रमाण इतर पद्धतींपेक्षा थोडं जास्त असतं. शंभरात एखादीला होतं, पण झालं तर अचानक कळ, पाणी किंवा रक्ताचा लोंढा, आणि क्वचित आतडं खाली येणं, अशी तातडीची अवस्था येते. हे नवऱ्याला डॉक्टरांनी समोर बसवून सांगावं. तेवढं बोलायला बायकोला संकोच वाटतो आणि त्याला विचारायला. तपासणीत शिवण भरलेली दिसली की संबंध ठेवायला हरकत नाही. बऱ्याच जणींना आधीचा रक्तस्राव आणि दुखणं गेल्यामुळे उलट बरंच वाटतं.

गर्भपिशवी काढली म्हणजे अंडाशयं काढली असं नाही. अंडाशयं ठेवली असतील तर पाळी बंद होते, पण हार्मोन चालू असतात. महिन्यातून एकदा स्तन दुखणं, मूड बदलणं पूर्वीसारखंच होऊ शकतं. दोन्ही अंडाशयं काढली असतील तर रजोनिवृत्ती हळूहळू न येता काही दिवसांतच येते. अंगातून गरम वाफा निघतात, रात्री घामाने जाग येते, चिडचिड होते, पुढे योनीमार्ग कोरडा पडतो, हाडं ठिसूळ होतात. भारतात पाळी साधारण ४६-४७ व्या वर्षी आपोआप थांबते. त्याच्या बऱ्याच आधी अंडाशयं गेली असतील, तर स्तनाच्या कॅन्सरसारखं कारण आड येत नसल्यास हार्मोनच्या गोळ्या किंवा जेल बहुधा सुचवतात. ‘आता वय झालं’ म्हणून गप्प राहण्याऐवजी तपासणीच्या वेळी हे स्वतःहून विचारावं.

फक्त अंडाशयाची गाठ किंवा बीजवाहक नळीत राहिलेला गर्भ काढला असेल, तर आतली मोठी शिवण नसते आणि दोन ते तीन आठवड्यांत गाडी रुळावर येते. गर्भाशय ठेवून फायब्रॉइड काढला असेल तर पुढच्या गरोदरपणाआधी काही महिने थांबावं लागतं. किती, ते गाठ किती खोल होती त्यावर.

काढलेलं गर्भाशय तपासणीसाठी पाठवतात. त्या बायोप्सीचा रिपोर्ट यायला आठ-दहा दिवस लागतात आणि तोवर घरी आलेल्या बाईच्या मनातून तो निघून गेलेला असतो. तो आणायचा, डॉक्टरांना दाखवायचा आणि डिस्चार्ज कार्डाबरोबर एका प्लास्टिकच्या फाइलमध्ये ठेवायचा. कार्डावर तीन गोष्टी स्पष्ट लिहिल्यात का ते पाहून घ्या: गर्भाशयाचं तोंडही काढलं का, अंडाशयं दोन्ही आहेत, एक आहे की नाहीत, आणि बीजवाहक नळ्या काढल्या का. दहा वर्षांनी पोट दुखून सोनोग्राफीला गेल्यावर तिथले डॉक्टर पहिला प्रश्न हाच विचारतात, आणि ‘पिशवी काढलीये’ एवढ्या उत्तराने त्यांचं भागत नाही.